तोंडावर आपटल्यानंतर टीम पुढे कशी न्यायची

चार वर्षांपूर्वी माझ्या हातून एक मोठं काम फसलं. जुन्या सिस्टीममधला सगळा डेटा नवीन सिस्टीममध्ये न्यायचा होता, शनिवारी रात्री सुरू करून रविवारी दुपारी संपवायचं असा प्लॅन, मी लीड, आणि रविवारी पहाटे चारला आम्ही सहा जण कॉलवर गप्प बसलो होतो, कारण नवीन सिस्टीम उठत नव्हती आणि जुनीकडे परत जायचा जो रस्ता आम्ही डॉक्युमेंटमध्ये छान लिहून ठेवला होता त्यावरून कुणी कधी चालून बघितलंच नव्हतं. दोन दिवस सगळं ठप्प. तिसऱ्या आठवड्यात मला शांतपणे सांगण्यात आलं की सध्या टीम दुसरं कुणीतरी बघेल.

त्यानंतर भेटलेल्या जवळपास प्रत्येकाने एकच वाक्य ऐकवलं, "अगं, यातूनच शिकायला मिळतं." मला वाटायचं, काय शिकायला मिळतं ते तरी सांगा ना. कारण आपोआप काहीच मिळत नाही. मी असे सीनियर बघितलेत जे एकदा पडल्यावर जास्त माणसात आले, आणि असेही बघितलेत जे पडल्यावर कडू झाले, संशयी झाले, प्रत्येक मेलमध्ये दहा जणांना सीसी करायला लागले. पडणं दोघांचं सारखंच होतं, त्यानंतरच्या काही महिन्यांत कोण काय करत होतं त्यात फरक होता. तर त्या महिन्यांत काय करायचं ते लिहितेय, माझ्या चुकांसकट.

यावर एक चांगला अभ्यासही आहे, 2019 मध्ये नेचर कम्युनिकेशन्समध्ये आलेला. अमेरिकेत एनआयएचकडे, म्हणजे आरोग्य संशोधनाला पैसे देणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेकडे, रिसर्च ग्रँट मागणाऱ्या तरुण शास्त्रज्ञांचे दोन गट घेतले, एक थोडक्यात ग्रँट मिळालेले आणि दुसरे थोडक्यात हुकलेले, म्हणजे तोवरचं काम दोघांचं साधारण सारखंच. पुढच्या काही वर्षांत हुकलेल्यांपैकी जे टिकून राहिले त्यांचं काम मिळालेल्यांपेक्षा सरस निघालं, आणि नुसते कच्चे लोक गळाले म्हणून असं दिसतंय का तेही त्यांनी तपासलं, तर तेवढ्याने फरक भरून निघत नव्हता. हा भाग सगळे शेअर करतात. पण हुकलेल्यांमधले जास्त जण एनआयएचच्या ग्रँट मागणाऱ्यांमधून कायमचे बाहेर पडले हेही त्याच अभ्यासात आहे, आणि ते कुणी शेअर करत नाही. त्यामुळे "फेल होणं चांगलंच असतं" म्हणणाऱ्यांपासून जरा लांब राहा, ते गळालेल्यांना विचारून आलेले नसतात.

आधी बघा फटका कुठल्या जातीचा आहे

हे न बघता लोक सरळ धडे शोधायला बसतात आणि भलतेच धडे काढतात. ढोबळमानाने तीन जाती धरा. एक, तुमच्या निर्णयाने झालेलं नुकसान. दोन, तुमचा काही संबंध नसताना झालेलं, म्हणजे फंडिंग आटलं, अख्खं डिपार्टमेंटच बंद झालं, मार्केट बसलं. तीन, सरळ अन्याय, काम तुमचं आणि प्रमोशन दुसऱ्याला.

दुसऱ्या जातीत स्वतःची चूक खणून काढत बसू नका. माझ्या ओळखीतल्या एकाची नोकरी कंपनीने अख्खा प्रॉडक्ट बंद केला म्हणून गेली आणि हा बाबा वर्षभर आपलं कम्युनिकेशन कुठे कमी पडलं ते शोधत होता. कुठेच नव्हतं रे. तिसऱ्या जातीत शिकण्यासारखं एकच असतं, आपल्याला कसं वागवलं गेलं ते तारखेसकट लिहून ठेवणं, कारण उद्या तुमच्या हातात कुणाचं तरी प्रमोशन असेल आणि तेव्हा हे विसरायला फार सोपं जातं.

खरं तर बहुतेक फटके मिक्सच असतात. माझ्या केसमध्ये डेडलाईन वरून लादलेली होती हे शंभर टक्के खरं, आणि परत जायचा रस्ता मी तपासला नाही हेही शंभर टक्के खरं. पहिल्याने दुसरं धुतलं जात नाही, हे मला कळायला बरेच दिवस लागले, कारण मी पहिलंच सगळ्यांना सांगत फिरत होते.

पहिला आठवडा

या आठवड्यात शक्यतो काही मोठं करू नका. राजीनामा टाइप करू नका, लांबलचक खुलाशाचे मेल पाठवू नका, आणि कृपा करून सोशल मीडियावर "या अपयशाने मला काय शिकवलं" अशी पोस्ट टाकू नका, अजून तुम्हाला काही शिकवलेलंच नाहीये. एका माणसाला पकडा जो तुमच्या ऑफिसचा नाही आणि त्याच्याकडे एकदा मनसोक्त बोलून घ्या. झोप सांभाळा. बस.

एक गोष्ट मात्र करा, लिहा. रोज पंधरा-वीस मिनिटं, तीन-चार दिवस, जे वाटतंय ते जसंच्या तसं, शुद्धलेखनाची पर्वा न करता, कुणाला दाखवायचं नाही. जेम्स पेनेबेकर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने या प्रकारच्या लिखाणावर आयुष्यभर काम केलंय. 1994 मध्ये छापून आलेला त्यांचा आणि सहकाऱ्यांचा एक प्रयोग तर नोकरी गेलेल्या अनुभवी इंजिनियर्सवरच होता. ज्यांनी नोकरी जाण्याबद्दल मनातलं लिहिलं त्यांना काही महिन्यांत नवीन नोकरी मिळायचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त निघालं, आणि गंमत म्हणजे त्यांनी अर्ज किंवा फोन जास्त केले होते असं काही नव्हतं. मला तरी याचा अर्थ असा लागतो की राग कागदावर सांडला की तो इंटरव्ह्यूत सांडत नाही. माझ्या त्या वहीतली पहिली दोन पानं निव्वळ शिव्या आहेत. तिसऱ्या दिवशी मधेच एक वाक्य आलं, "त्याने विचारलं होतं." ते वाक्य माझ्या हातून का आलं ते मला तेव्हा कळलंच नाही.

हिशेब मांडायचा तर आठवणीवर नको

दुसऱ्या आठवड्यात हिशेबाला बसा, आणि इथे घाई करू नका.

पहिली गोष्ट, आठवणीवर विसंबू नका. निकाल कळला की आपली आठवण मागे जाऊन स्वतःला दुरुस्त करते. बारूक फिशहॉफ या मानसशास्त्रज्ञाने 1970 च्या दशकात हे दाखवलं होतं. राष्ट्राध्यक्ष निक्सन 1972 मध्ये चीन आणि सोव्हिएत युनियनला जाणार होते, तेव्हा लोकांना आधी विचारलं की तिथे अमुक घडायची शक्यता किती, आणि दौरे झाल्यावर परत विचारलं की तुम्ही तेव्हा काय आकडा दिला होता. जे खरंच घडलं त्याला आपण आधीपासूनच जास्त शक्यता दिली होती असं लोकांना प्रामाणिकपणे आठवत होतं. म्हणजे खोटं बोलायचा इरादा नसतानाही आपण खोटं आठवतो. तुम्हाला आता "मला तेव्हाच डाऊट होता" असं वाटत असेल तर ते जुन्या मेलमध्ये सापडतंय का बघा. नाही सापडलं तर नव्हता.

म्हणून चॅट, मेल, मीटिंगचे नोट्स, कॅलेंडर सगळं उघडा आणि तारखेवार लावा. प्रत्येक तारखेसमोर एवढंच लिहा की त्या दिवशी मला काय माहीत होतं आणि मी काय केलं. मग अमेरिकन आर्मीत प्रत्येक सरावानंतर जे चार प्रश्न विचारतात ते घ्या, काय व्हायला हवं होतं, काय झालं, फरक का पडला, पुढच्या वेळी काय करायचं. साधे वाटतात, पण गंमत अशी की आपण पहिल्या दोन प्रश्नांवर पाच मिनिटंही घालवत नाही आणि थेट तिसऱ्यावर उडी मारतो, आणि तिसऱ्याचं उत्तर लगेच कुणाचं तरी नाव असतं. पहिल्या प्रश्नावरच थांबून बघा, अर्ध्या वेळा कळतं की काय व्हायला हवं होतं याबद्दलच टीममध्ये तीन वेगळी मतं होती.

दुसरी गोष्ट, आणि ही मला सगळ्यात कामाला आली. स्वतःबद्दल लिहिताना विशेषण वापरायचं नाही, क्रियापद वापरायचं. "मी निष्काळजी होते" या वाक्याचं काय करणार? त्याचा उपयोग फक्त रडायला. असं लिहा की कुणी बाजूला कॅमेरा लावून उभं असतं तर काय दिसलं असतं.

तर मी चॅट उघडून बसले होते. माझ्या टीममधला सगळ्यात नवीन मुलगा, येऊन सात-आठ महिने झाले असतील, त्याचा मेसेज सापडला, त्या शनिवारच्या अकरा दिवस आधीचा, संध्याकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांचा. "मॅम, रोलबॅक एकदा खरंच करून बघूया का? डॉक्युमेंटमधल्या चौथ्या स्टेपबद्दल मला थोडी शंका आहे." रोलबॅक म्हणजे तोच, जुन्या सिस्टीमकडे परत जायचा रस्ता. आणि त्याखाली माझा रिप्लाय. रिप्लाय म्हणजे काय, अंगठा. पिवळा छोटा अंगठा. बस. त्यानंतर त्याने काही लिहिलं नाही आणि मी पण नाही. आणि रविवारी पहाटे आम्ही अडकलो ते नेमके त्या चौथ्या स्टेपवर.

मी तो अंगठा किती वेळ बघत बसले माहीत नाही. मग वहीत लिहिलं, "मेसेज वाचला. अंगठा टाकला. उत्तर दिलं नाही. कॅलेंडरवर काही टाकलं नाही." चार क्रियापदं. अंगठा टाकताना माझ्या मनात "हो, बघू" होतं आणि त्याला दिसलं असेल "विषय संपला". निष्काळजी या शब्दातून हे कधीच निघालं नसतं, आणि त्या चारही क्रियापदांना उद्यापासून बदलता येतं, स्वभावाला नाही बदलता येत एवढ्या लवकर.

तुमच्या हिशेबात असं एक तरी वाक्य सापडेपर्यंत थांबू नका. आणि सापडलं की तिथेच थांबा, त्याच्यापुढे बालपणात वगैरे शिरायचं काम नाही.

टीमसमोर बोलताना

हिशेब वहीत राहिला तर तुम्ही थोडे शहाणे व्हाल, पण टीमसाठी काहीच बदलणार नाही. तो मोठ्याने बोलावा लागतो, आणि तिथे बहुतेकांची गाडी घसरते.

जीन क्रँझचं बघा. नासाचे फ्लाइट डायरेक्टर. 27 जानेवारी 1967 ला लाँच पॅडवर नुसती टेस्ट चालू असताना अपोलो 1 च्या कॅप्सूलमध्ये आग लागली आणि तीन अंतराळवीर गेले. पुढच्या सोमवारी क्रँझनी आपल्या फ्लाइट कंट्रोलच्या लोकांना गोळा केलं. कॅप्सूल त्यांच्या लोकांनी बनवलेलं नव्हतं, चौकशी पूर्ण व्हायला वेळ होता, "रिपोर्ट येऊ द्या" म्हणून हात झटकायला पूर्ण जागा होती. त्याऐवजी ते साधारण असं म्हणाले की आपण शेड्यूलच्या एवढे मागे लागलो होतो की रोज समोर येणाऱ्या अडचणी बाजूला सारत गेलो आणि आपल्यापैकी एकही जण उठून थांबा म्हणाला नाही. मग प्रत्येकाला ऑफिसच्या फळ्यावर दोन शब्द लिहायला सांगितले, टफ आणि कॉम्पिटंट, आणि ते कधी पुसायचे नाहीत. टफ म्हणजे आपण जे केलं आणि जे करायचं राहिलं त्या दोन्हीचा जाब आपण देणार, कॉम्पिटंट म्हणजे कुठलीही गोष्ट गृहीत धरणार नाही. 1970 मध्ये अपोलो 13 अर्ध्या वाटेत बिघडलं तेव्हा लीड फ्लाइट डायरेक्टर हेच होते, आणि तिघे जण जिवंत परत आले.

मला यातलं शब्दांपेक्षा टायमिंग महत्त्वाचं वाटतं. रिपोर्ट यायच्या आधी बोलले. रिपोर्ट आल्यावर कबूल करण्यात फारसं काही उरत नाही, तेव्हा सगळ्यांना माहीतच असतं.

आता एक सावधगिरी. हल्ली "लीडरने मोकळं व्हावं, आपल्या चुका सांगाव्यात" असा सूर आहे, तो अर्धाच बरोबर आहे. इलियट ॲरन्सन या मानसशास्त्रज्ञाने 1966 मध्ये एक प्रयोग केला होता, लोकांना क्विझमधल्या स्पर्धकांची रेकॉर्डिंग्ज ऐकवली. एकजण 92 टक्के उत्तरं बरोबर देतो, दुसरा 30 टक्के, आणि काही रेकॉर्डिंग्जमध्ये शेवटी स्पर्धकाच्या हातून कॉफी अंगावर सांडते. हुशार माणसाने कॉफी सांडल्यावर तो लोकांना जास्त आवडला, आणि बेताच्या माणसाने सांडल्यावर तो अजूनच कमी आवडला. म्हणजे काम येत असेल तर चूक सांगितल्याने तुम्ही जवळचे वाटता, काम येत नसेल तर चुकांची यादी वाचून फायदा नाही, आधी काम शिकून घ्या. तसंच नवीन टीममध्ये पहिल्याच दिवशी आपल्या जुन्या जखमांची कहाणी सांगू नका, त्यांना अजून तुमचं काम कुठे माहितीये.

प्रत्यक्षात बोलायचं कसं? थोडक्यात. माझं सहा मिनिटांत झालं, नवीन लीडला आधी विचारून त्यांच्या सोमवारच्या मीटिंगमधली दहा मिनिटं मागून घेतली होती. लादलेली डेडलाईन, अपुरी माणसं, यातलं काही बोलले नाही, ते सगळ्यांना माहीत होतं आणि माझ्या तोंडून ते रडगाणंच वाटलं असतं. अंगठ्याची गोष्ट सांगितली, नाव न घेता. "टीममधून मला वेळेत वॉर्निंग आली होती, मी ती वाचली आणि तिचं काही केलं नाही. तुमच्या दोन रात्री आणि एक रविवार त्यात गेला. यापुढे कुणी शंका विचारली तर मी अंगठा टाकणार नाही, एक तर तारीख देईन नाही तर का नाही ते लिहीन." एवढंच. रडायचं नाही असं मी आधीच ठरवलं होतं, म्हणजे रडणं वाईट म्हणून नव्हे, पण सीनियर रडला की ज्युनियर समजूत काढायला लागतात आणि मग मीटिंग तुमच्या दुःखाची होते, त्यांच्या गेलेल्या रविवारची राहत नाही. "मी फारच वाईट लीड आहे" हे वाक्यही त्याच कारणासाठी टाळा, त्याला एकच उत्तर असतं, "नाही हो मॅम," आणि ते वदवून घेणं म्हणजे भीक मागणंच की.

मीटिंगमध्ये त्या मुलाने मान वर केली नाही. संध्याकाळी मेसेज आला, "मॅम मी तेव्हा फोन करायला हवा होता." म्हणजे इतके आठवडे तो पोरगा स्वतःला दोष देत बसला होता, आणि मी तोंड उघडलं नसतं तर अजून किती दिवस बसला असता कोण जाणे. मी त्याला फोन केला आणि सांगितलं की तू विचारलंस तिथे तुझं काम झालं होतं. हे तुम्ही लक्षात घ्या, तुमच्या गप्प बसण्याचा बोजा बहुतेक वेळा सगळ्यात ज्युनियर माणूस उचलत असतो.

ताक फुंकून पिण्याचा आजार

दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात. लीडच्या बाबतीत हा आजार टीमला होतो, फुंकायला तुम्ही लावता आणि पीत सगळे असतात.

वर्षभराने मला दुसरी छोटी टीम मिळाली आणि मी काय केलं असेल? प्रत्येक बदलाला चार जणांचं अप्रूव्हल. बटणाचा रंग बदलायला पण. मला वाटत होतं मी शिकलेय. दोन महिन्यांनी टीममधली एक अनुभवी बाई मला म्हणाली, "तुमची आधीची टीम बुडाली, त्याची शिक्षा आम्हाला का?" तोंडावर म्हणाली म्हणून बरं.

त्यानंतर मी एक नियम पाळतेय. एका कारणासाठी एकच नवीन पद्धत आणायची, आणि ती आणतानाच तीन महिन्यांनंतरची तारीख टाकायची, त्या दिवशी टीमने ठरवायचं ती ठेवायची की काढायची. चार अप्रूव्हलपैकी तीन गेली. राहिलं काय तर मोठ्या बदलाच्या आधी रोलबॅक खरोखर करून बघायचा, घड्याळ लावून.

दुसरं म्हणजे प्रीमॉर्टेम, गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञांनी पुढे आणलेली पद्धत. काम सुरू करायच्या आधी टीमला सांगायचं की समजा सहा महिने झालेत आणि हे सपशेल फसलंय, आता प्रत्येकाने दोन मिनिटं गप्प बसून का फसलं ते लिहा. याची खुबी अशी की शंका घेणारा माणूस खोडा घालणारा ठरत नाही, कारण फसलंय हे आधीच मान्य केलेलं असतं. लिहून घ्या हं, बोलून नको, बोलायला लावलं की सगळ्यात मोठ्या आवाजाच्या माणसाचं कारण हेच सगळ्यांचं कारण होतं.

आणि मग चुकांचे रिपोर्ट वाढले तर घाबरू नका. टीम्सवर संशोधन करणाऱ्या एमी एडमंडसन 1990 च्या दशकात हॉस्पिटलमधल्या टीम्सवर काम करताना धरून चालल्या होत्या की चांगल्या टीममध्ये औषधांच्या चुका कमी असतील, आणि आकडे उलटेच आले, चांगल्या टीममध्ये जास्त चुका नोंदलेल्या. नंतर लक्षात आलं की तिथले लोक चुका बोलून दाखवत होते, बाकीच्या ठिकाणी दाबत होते. माझ्या टीममध्ये पण पहिल्या तिमाहीत नोंदी वाढल्या आणि वरून विचारणा झाली, ती मला झेलावी लागली. झेला. नाही तर पुढच्या तिमाहीत आकडे छान येतील आणि तुम्हाला काहीच कळत नसेल.

दुसरा कुणी पडतो तेव्हा

तुम्ही खरंच काही कमावलंय का ते इथे दिसतं. 10 ऑगस्ट 1979 ला श्रीहरिकोटाहून एसएलव्ही-3 या उपग्रह सोडणाऱ्या रॉकेटचं पहिलं उड्डाण फसलं, रॉकेट बंगालच्या उपसागरात गेलं. मिशन डायरेक्टर अब्दुल कलाम होते. पत्रकारांसमोर मात्र इस्रोचे प्रमुख सतीश धवन स्वतः बसले आणि जबाबदारी घेतली. 18 जुलै 1980 ला यश आलं तेव्हा धवन यांनी कलामांना पुढे केलं. ही गोष्ट आपण सगळ्यांनी इतक्यांदा ऐकलीये की ती गुळगुळीत झालीये, पण तिच्यात दोन तारखांच्या मधले अकरा महिनेही आहेत. पत्रकारांसमोर ढाल होणं एका दिवसाचं काम. त्यानंतर अकरा महिने त्याच माणसाच्या हातात तेच काम राहू देणं, हे जास्त अवघड आहे असं माझं मत. बहुतेक ठिकाणी जाहीर मीटिंगमध्ये "आम्ही टीम म्हणून चुकलो" म्हणतात आणि पुढच्या महिन्यात हळूच त्या माणसाला कडेला बसवतात. माझ्यासोबत झालं तसंच. ते चूक होतं असं मी म्हणत नाही, कदाचित बरोबरच होतं, पण कुणी समोर बसून का ते सांगितलं नाही आणि ते मला पदापेक्षा जास्त लागलं. म्हणून एवढं तरी करा, काढायचं असेल तर कारण तोंडावर सांगा, ठेवायचं असेल तर खरंच काम द्या.

इंटरव्ह्यूत या सगळ्याबद्दल विचारतात तेव्हा काय सांगायचं असं बरेच जण विचारतात. काय झालं एका वाक्यात, माझं क्रियापद एका वाक्यात, आता काय वेगळं करते एका वाक्यात. समोरच्याने अजून विचारलं तर बोला. गोष्ट जितकी लांबते तितका त्यात दुसऱ्यांचा दोष शिरतो, हे मी स्वतः तीन इंटरव्ह्यू घालवून शिकलेय.

गेल्या वर्षी एका रिलीजच्या आदल्या दिवशी संध्याकाळी टीममधल्या एका नवीन मुलीने लिहिलं, तिला एका आकड्याबद्दल शंका वाटतेय, नक्की काय ते सांगता येत नाहीये. माझं बोट सवयीने अंगठ्याकडे गेलं, खोटं कशाला बोलू. मग तिला फोन केला, वीस मिनिटं बोललो, तिलाही नीट मांडता येईना आणि मलाही खात्री देता येईना, तर रिलीज दोन दिवस पुढे ढकललं. दोन दिवस तपासलं. काहीच निघालं नाही, आकडा बरोबर होता.

माझ्या मॅनेजरनी विचारलं, "म्हणजे उगाच थांबलात?"

मी म्हणाले हो. आणि त्या मुलीला फोन करून सांगितलं की तुझी शंका चुकीची निघाली, पुढच्या वेळी आली तर परत सांग.